गाठीतली चरबी आणि ताटातलं तेल: इम्युनोथेरपीवर असलेल्या एका रुग्णाचं प्रकरण

छत्रपती संभाजीनगरमधल्या एका कॅन्सर विभागात मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हे प्रकरण कुटुंबाच्या संमतीने लिहिलं आहे. गाव, वय, नातेसंबंध अशा ओळख पटवणाऱ्या खुणा बदलल्या आहेत. औषधं आणि निर्णयांचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे. गाठीतल्या चरबीबद्दलचं संशोधन अर्धवट वाचून ताटातलं तेल बंद करणारी कुटुंबं आता वरचेवर भेटू लागली आहेत. शिकलेला मुलगा किंवा पुतण्या घरात असला की ही शक्यता जास्तच. म्हणून हे जरा सविस्तर मांडते.

पार्श्वभूमी

रुग्ण बीड जिल्ह्यातले कोरडवाहू शेतकरी, वय पंचेचाळिशीच्या पुढे. रानात कापूस, सोयाबीन आणि तूर. तरुणपणी काही हंगाम ऊसतोडीला गेले होते, तिथे रात्री जागं राहायला गुटखा लागला आणि तो पुढे सुटला नाही. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण यांच्या खिशातली पुडी काही सुटली नाही.

डाव्या गालाच्या आतल्या बाजूची जखम भरेना म्हणून बायोप्सी झाली आणि कॅन्सर निघाला. मोठं ऑपरेशन झालं, मानेतल्या गाठी काढल्या, नंतर शेक, म्हणजे रेडिएशन, आणि त्यासोबत सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध. हे सगळं त्यांनी नेटाने पार पाडलं. पण शेक संपून पाच महिने होत नाहीत तोच मानेत पुन्हा गाठ आली, आणि पेट स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत ठिपके दिसले. पुन्हा ऑपरेशन करण्याजोगी स्थिती नव्हती. तोंड जेमतेम दीड बोट उघडत होतं. वजन ५४ किलो, उंची १६५ सेंटिमीटर.

कोणता उपचार द्यायचा

सिस्प्लॅटिननंतर सहा महिन्यांच्या आत आजार उलटला की पुन्हा त्याच जातीच्या किमोचा फारसा उपयोग होत नाही. अशा रुग्णांत निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध चालतं, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चेकमेट-१४१ या चाचणीने दाखवलं. आपल्या लढाऊ टी पेशींवर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो. कॅन्सरची पेशी तो दाबून धरते आणि औषध तिला तो दाबू देत नाही. या ब्रेकांच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. पण त्याच चाचणीतला दुसरा आकडाही रुग्णाच्या घरच्यांना सांगावा लागतो. ज्यांना औषध मिळालं त्यांच्यातल्या १३.३ टक्के लोकांचीच गाठ ठळकपणे लहान झाली. बाकीच्यांत टी पेशींचा ब्रेक सुटूनही त्या कामाला का लागत नाहीत, या प्रश्नाच्या उत्तरांपैकी एक गाठीतल्या चरबीत आहे. ते पुढे येईलच.

पूर्ण मात्रेतल्या निव्होलुमॅबचा महिन्याचा खर्च लाखांच्या घरात. हे ऐकून रुग्णाचे थोरले भाऊ शांतपणे म्हणाले, "दोन एकर काढू इकून." आमच्या डॉक्टरांनी त्यांना थांबवलं आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या चाचणीबद्दल सांगितलं. तिथे १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलीग्रॅम निव्होलुमॅब आणि त्याच्या जोडीला तीन गोळ्या देऊन पाहिल्या: आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, रोज एर्लोटिनिब आणि दिवसातून दोनदा सेलेकॉक्सिब. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्के होतं, निव्होलुमॅबची जोड दिल्यावर ते ४३.४ टक्के झालं. नेहमीच्या मात्रेशी तुलना केली तर हे औषध अठरावा हिस्साच भरतं. तरीही उपयोग होतो, कारण पीडी-१ झाकायला औषध फार थोडं पुरतं.

जमीन विकायची नाही, हे त्याच बैठकीत ठरलं. औषधाची कुपी ४० मिलीग्रॅमची येते, म्हणून जालना जिल्ह्यातल्या आणखी एका रुग्णाची तारीख यांच्याच दिवशी लावली. एक कुपी, दोघांत निम्मी-निम्मी. दोघांच्या बायका पुढे बाहेरच्या बाकावर एकमेकींचे डबे उघडून बसायच्या.

अडचण

पहिले दोन डोस झाले. तिसऱ्याला आले तेव्हा वजनकाट्यावर ४८ किलो. सहा आठवड्यांत सहा किलो गेले होते. गाठ मात्र हाताला वाढलेली लागत नव्हती, उलट किंचित मऊ वाटत होती. म्हणजे ही घट आजार वाढल्याने आहे असं लगेच म्हणता येत नव्हतं. डॉक्टरांनी फाइल माझ्याकडे पाठवली.

काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय पोटात गेलं, एवढंच मी विचारते. रुग्णाच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, सांगितलं: सकाळी बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा. मग तांदळाची पेज. दुपारी बिनतेलाच्या वरणाचं पाणी आणि त्यात कुस्करलेला भात, दोन-तीन वाट्या. संध्याकाळी सफरचंदाचा रस. रात्री पुन्हा पेज. दिवसभराचं मिळून सातशे कॅलरीच्या आसपास. या वजनाच्या माणसाला, आजार असताना, किलोमागे २५ ते ३० तरी लागतात, म्हणजे बाराशे ते साडेचौदाशेच्या घरात.

"तेल-तूप समदं बंद केलंय बघा मॅडम," काकू म्हणाल्या. "शेंगदाणे बी नाहीत, दूध बी नाही. गाठीला खुराक नको म्हणून." हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान होता. घरात सगळ्यांनीच तेल सोडलं होतं. त्यांच्यासमोर आपण कसं फोडणीचं खायचं, म्हणून.

सोबत पुतण्या होता, पुण्यात फार्मसी शिकणारा. त्याने फोन काढून मला लेख दाखवले. ते अफवांचे नव्हते, खरे होते. हीच या प्रकरणातली अवघड गोष्ट होती. गोमूत्राने कॅन्सर बरा होतो म्हणणाऱ्याला उत्तर देणं सोपं असतं. इथे 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातला शोधनिबंध समोर होता आणि त्यात उंदरांना लावलेला कॅन्सर माणसाच्या तोंडाचाच होता.

दुसरी गोष्ट औषधांची पिशवी उघडल्यावर कळली. सेलेकॉक्सिबची पट्टी जवळजवळ भरलेली. पोटात जळजळ होते म्हणून गावाकडच्या डॉक्टरांनी "ही दुखण्याची गोळी आहे, दुखत नसेल तर कशाला घेता" असं सांगून ती बंद केली होती आणि पँटोप्राझोल सुरू केलं होतं. अशक्तपणासाठी एक-दोनदा सलाईन आणि ताकदीचं इंजेक्शनही झालं होतं. त्या इंजेक्शनात स्टेरॉइड होतं का, हे कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

गाठीत चरबीचं काय होतं

पुतण्याचं म्हणणं खोडण्याआधी त्यातलं खरं किती ते मान्य करणं भाग होतं. मी आणि आमचे डॉक्टर त्याला घेऊन बसलो.

कॅन्सरच्या पेशीला वाढायला चरबी लागते. नव्या पेशींची आवरणं चरबीचीच बनतात. ती दोन वाटांनी मिळते. एक म्हणजे बाहेरून ओढून घेणं. पेशीच्या आवरणावर सीडी३६ नावाचं प्रथिन असतं, ते मेदाम्लं, म्हणजे चरबीचे घटक, आत घेतं. दुसरी वाट घरची: पेशी ग्लुकोजपासून स्वतःच मेदाम्लं तयार करते, आणि त्या प्रक्रियेतून मुख्यतः जे बाहेर पडतं ते पामिटिक आम्ल.

बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं की माणसाच्या तोंडाच्या कॅन्सरमधल्या ज्या पेशींवर सीडी३६ भरपूर असतं, त्याच पेशी उंदरांत दुसरीकडे पसरायला पुढे असतात, आणि चरबीयुक्त आहार दिला की जास्त पसरतात. २०२१ मध्ये त्याच गटाने आणखी एक बारकावा आणला: हा परिणाम पामतेलातल्या पामिटिक आम्लाने होतो, ओलेइक आणि लिनोलेइक आम्लाने होत नाही. पुतण्याने पहिला लेख वाचला होता, दुसऱ्याचा फक्त मथळा.

इम्युनोथेरपीशी थेट संबंध येतो तो टी पेशींचा. गाठीच्या आतली जागा चरबीने, त्यातही खराब झालेल्या, ऑक्सिडीकरण झालेल्या चरबीने भरलेली असते. मारेकरी टी पेशी तिथे शिरली की तिच्याही आवरणावर सीडी३६ वाढतं. ती ही खराब चरबी आत ओढते आणि त्याने तिची मारण्याची ताकद जाते, कधी ती स्वतःच मरते. हे २०२१ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. त्याच जागेत रेग्युलेटरी टी पेशी, म्हणजे प्रतिकार आवरता घेणाऱ्या पेशी, सीडी३६च्याच आधाराने मजेत जगतात. गाठीतलं जास्तीचं कोलेस्टेरॉलही मारेकरी पेशींना थकवतं. मग पीडी-१चा ब्रेक सोडला तरी आत लढायला पेशी धडधाकट उरलेली नसते. तेरा टक्क्यांच्या पलीकडच्या रुग्णांत जे होतं त्याचा एक भाग हा.

पण याला दुसरी बाजूही आहे. टी पेशी कॅन्सरच्या पेशीला ज्या मार्गांनी मारतात त्यातला एक मार्ग चरबीतूनच जातो. टी पेशींनी सोडलेलं गॅमा इंटरफेरॉन आणि ॲराकिडोनिक आम्ल एकत्र आलं की कॅन्सरच्या पेशीच्या आवरणातली चरबी जळू लागते आणि पेशी फुटते. या मरणाला फेरोप्टोसिस म्हणतात. त्याच ॲराकिडोनिक आम्लापासून कॉक्स-२ हे एन्झाइम मात्र प्रोस्टाग्लँडिन ई-२ बनवतं, आणि ते टी पेशींना गाठीत वाढू देत नाही. २०२४ साली 'नेचर'मध्ये आलेल्या दोन अभ्यासांनी ही यंत्रणा उलगडली. म्हणजे एकच मेदाम्ल एका वाटेने रुग्णाच्या कामाचं, दुसऱ्या वाटेने गाठीच्या कामाचं. 'चरबी वाईट' हे वाक्य इथे टिकत नाही.

आणि कॉक्स-२ला अडवणारी गोळी कोणती? सेलेकॉक्सिब. पिशवीत न घेता पडून राहिलेली. चरबीच्या ज्या वाटेवर औषधाने हात घालता येतो, आणि ज्याचा माणसांवरच्या चाचणीतल्या उपचारात समावेश आहे, ती गोळी बंद होती. आणि ज्याचा पुरावा उंदरांपुरता आहे तो तेलाचा उपास मात्र काटेकोरपणे चालू होता. पुतण्या हे ऐकून बराच वेळ गप्प बसला. हुशार मुलगा आहे. त्याच दिवसापासून तो आमच्या बाजूने घरात बोलू लागला.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय: तेलबंदी तशीच ठेवायची, वजन नुसतं पाहत राहायचं. याच्या विरोधात सगळंच होतं. तेलाचा थेंब न देता पेज दिली तरी तिच्यातल्या स्टार्चचं ग्लुकोज होतं, आणि त्यापासून गाठ स्वतःचं पामिटिक आम्ल बनवू शकते. शिवाय उपाशी शरीर स्वतःची चरबी वितळवून रक्तात सोडतं. उपास घडतो तो रुग्णाला, गाठीला नव्हे. त्याहून वाईट म्हणजे अंगाची झीज होत असलेल्या रुग्णांत इम्युनोथेरपीची औषधं रक्तातून लवकर साफ होतात आणि त्यांचा परिणामही कमी दिसतो. आधीच कमी मात्रा देत असताना हे परवडणारं नव्हतं.

दुसरा पर्याय त्याच्या उलट टोकाचा: कीटो. साखर-धान्य बंद, चरबीच चरबी. रुग्णाच्या भावाला कुणीतरी हेही सांगितलं होतं. दीड बोट तोंड उघडणाऱ्या, ज्वारी-भातावर वाढलेल्या माणसाला हे जमणार नाही, आणि या आजारात इम्युनोथेरपीसोबत त्याचा भरवशाचा पुरावाही नाही. हा पर्याय आम्ही पाच मिनिटांत बाजूला ठेवला.

तिसरा: स्टॅटिन सुरू करणं. कोलेस्टेरॉल कमी केलं तर टी पेशी थकणार नाहीत, असा पुतण्याचा तर्क. कल्पना म्हणून तो वेडगळ नाही. स्टॅटिन घेणाऱ्या रुग्णांत इम्युनोथेरपीचा परिणाम बरा दिसल्याची निरीक्षणं आहेत. पण निरीक्षण वेगळं आणि चाचणी वेगळी. डॉक्टरांनी नाही म्हटलं.

चौथा: नाकातून नळी टाकून आहार देणं. हा खरोखर विचार करण्याजोगा होता. रुग्णाने हात जोडले. ऑपरेशननंतर कित्येक आठवडे नळी होती, ती आठवण नको होती.

पाचवा: तोंडानेच, पण प्रत्येक वाटीत जास्तीत जास्त ताकद भरून, चरबी परत आणून. कॅन्सर रुग्णांच्या पोषणाची युरोपातली ईएसपीईएन ही मार्गदर्शक तत्त्वं तर म्हणतात की वजन घटत असेल आणि शरीर इन्सुलिनला दाद देत नसेल तर पिठूळ पदार्थांच्या तुलनेत चरबीचा वाटा वाढवा. ग्रॅममागे चरबी नऊ कॅलरी देते, भातातला स्टार्च चार. ज्याच्या तोंडात एका वेळी दोन चमचेच जातात त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

आम्ही पाचवा निवडला, एका अटीवर: तीन आठवड्यांत वजन आणखी घटलं तर नळी. रुग्णाने ते मान्य केलं.

काय केलं

तेल कोणतं, यावर सर्वात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. मराठवाड्यात करडईचं तेल घरचं आहे. यांच्या तालुक्याच्या गावी घाणाही होता. करडईच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असतं, पामिटिक फार थोडं. पामतेलात पामिटिकचा वाटा चाळीस टक्क्यांच्या वर. पुतण्याची शंका रास्त होती: लिनोलेइकपासूनच शरीर ॲराकिडोनिक बनवतं ना? बनवतं, पण मोजून-मापून. आहारात लिनोलेइक वाढवलं म्हणून शरीरातलं ॲराकिडोनिक त्या प्रमाणात वाढत नाही. शिवाय पुढची वाट सेलेकॉक्सिबने अडवलेली असते. करडईचं किंवा शेंगदाण्याचं घाण्याचं तेल ठरलं. पामतेल, डालडा आणि एकदा तळून उरलेलं तेल बंद. त्याचा पुरावा उंदरांचाच आहे हे सांगून, पण टाळण्यात तोटा काहीच नाही म्हणून.

तुपावरून वाद झाला. तुपातही पाव हिस्सा तरी पामिटिक असतं. मी दिवसाला दोन चमचे ठेवले, कारण तुपाने घास घशाखाली सरकतो आणि शेक दिलेल्या कोरड्या तोंडाला ते सुखावतं. दुधाबद्दल तर २०२३ साली शिकागोतून आलेलं काम उलट दिशेचं आहे: दूध आणि मांसात मिळणारं ट्रान्स-व्हॅक्सेनिक आम्ल उंदरांत मारेकरी टी पेशींना बळ देतं. त्यावरून मी कुणाला दूध औषध म्हणून सांगत नाही. पण दुधाची भीती काढायला ते कामी आलं.

दिवसाला सहा वाट्या ठरल्या. ज्वारीची आंबील ताक घालून, वरून दोन चमचे तेल घोटून. हुलग्याचं माडगं. मुगाचं घट्ट वरण, तूप घालून. भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट अगदी बारीक करून दुधात. गरम पेजेत फेटलेलं अंडं. रात्री दुधात शिजवलेली नाचणी. तेल-तूप मिळून दिवसाचे पन्नास-साठ मिलिलिटर, म्हणजे जवळपास पाचशे कॅलरी, आणि ते वाटीचा आकार न वाढवता. तिखट पूर्ण बंद. काकूंना पहिली वाटी मी विभागाच्या स्वयंपाकघरात करून दाखवली. तेल वर तरंगलं तर घोट नकोसा वाटतो. आंबील कोमट असताना रवीने जोरात घुसळली की ते मिसळून जातं. काकूंनी रवी माझ्या हातातून घेतली आणि माझ्यापेक्षा चांगली घुसळली.

औषधांचं डॉक्टरांनी पाहिलं. किडनीचे रिपोर्ट, रक्तदाब आणि हृदयविकाराचा इतिहास तपासून सेलेकॉक्सिब पुन्हा सुरू केलं, जेवणानंतर. पँटोप्राझोल काढलं, कारण पोटातलं आम्ल फार कमी झालं की एर्लोटिनिब नीट शोषलं जात नाही. त्याच्या जागी फॅमोटिडिन, दोन गोळ्यांच्या वेळात अंतर ठेवून. एर्लोटिनिब उपाशीपोटी, सेलेकॉक्सिब भरल्या पोटी, मेथोट्रेक्सेट फक्त गुरुवारी: हे काकूंना लक्षात राहीना. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. पुतण्याने कॅलेंडरच्या पानावर सूर्य, ताट आणि चंद्र काढून दिले, गुरुवारावर लाल टिकली.

गावाकडच्या डॉक्टरांना आमच्या डॉक्टरांनी फोन केला. दोष देण्यासाठी नव्हे. ही गोळी इथे दुखण्यासाठी नाही आणि प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड टाळायचं आहे, एवढं सांगायला. त्यांनी ते चांगल्या मनाने घेतलं आणि पुढे दर डोसआधीच्या रक्ततपासण्या तिथेच होऊ लागल्या. रुग्णाचा एक हेलपाटा वाचला.

कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट

तीन आठवड्यांनी वजन ४८ वरच थांबलं होतं. त्यानंतर हळूहळू ५१ पर्यंत चढलं. पहिल्या स्कॅनमध्ये मानेतली गाठ लहान झालेली, फुप्फुसांतले ठिपके होते तेवढेच. सगळं सुरळीत वाटत असताना चौथ्या महिन्यात दुसरा पेच आला.

रुग्णाला थकवा येऊ लागला. चेहरा सुजल्यासारखा, थंडी वाजायची, बोलणं मंद झालं. गावात झालेल्या तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल २८६. रिपोर्ट घेऊन घरचे घाबरून आले. भाऊ म्हणाले, "तरी मी म्हणत व्हतो, एवढं तेल कशाला." काकूंनी त्या दोन दिवसांत तेल पुन्हा बंद करून टाकलं होतं. पुतण्याने स्टॅटिनचा विषय पुन्हा काढला, आणि या वेळी हातात आकडा होता.

इथे घाई केली असती तर दोन चुका एकदम झाल्या असत्या. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलच्या कागदाला हात न लावता टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, पाठवलं. ते ४८, म्हणजे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आलं. थायरॉइड मंदावली होती. इम्युनोथेरपीने सैल सोडलेल्या टी पेशी कधी कधी थायरॉइडवर हल्ला करतात. या औषधाचा हा चांगला माहीत असलेला दुष्परिणाम आहे. मानेला शेक दिलेला असला की धोका आणखी वाढतो. थायरॉइड मंदावली की यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल नीट उचलत नाही आणि ते साचतं. तेलाचा त्यात दोष नव्हता. आणि थायरॉइड कमी असताना स्टॅटिन दिलं तर स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो, म्हणजे आधीच झिजलेल्या माणसावर आणखी एक घाव.

थायरॉक्सिनची गोळी सुरू केली, सकाळी उपाशीपोटी. आता एर्लोटिनिबशी तिची वेळ जुळवणं आलं. कॅलेंडरवर सूर्याच्या आधी एक कोंबडा वाढला. इम्युनोथेरपी थांबवावी लागली नाही. दोन महिन्यांत थकवा गेला आणि कोलेस्टेरॉल स्टॅटिनशिवाय २०० च्या खाली आलं, तेल चालू असताना.

रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि गाठीच्या आतली चरबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी बोलून समजावलं असतं तर कुणाला पटलं असतं की नाही कोण जाणे. या रिपोर्टने ते घरातल्या सगळ्यांना पटलं.

निष्पत्ती

आजार दहाव्या महिन्यापर्यंत आटोक्यात राहिला. या काळात त्यांनी एक पेरणी पाहिली, मुलीचं लग्न लावलं, आणि लग्नात पंगतीला बसून बासुंदीची वाटी संपवली. दहाव्या महिन्याच्या स्कॅनमध्ये फुप्फुसांतल्या गाठी वाढलेल्या होत्या. घरच्यांशी बोलून निव्होलुमॅब थांबवलं. पुढे वेदना आणि श्वासासाठीचे उपचार घरीच झाले. उपचार सुरू झाल्यापासून वर्ष उलटून गेल्यावर ते वारले, शेवटपर्यंत घरच्या माणसांत होते.

आहार बदलल्याने आजार थांबला, असा दावा मी करणार नाही. एका रुग्णावरून ते कळतही नाही. वजन सावरलं, गोळ्या नीट पोहोचल्या, थायरॉइड वेळेत सापडली आणि औषध मध्येच सुटलं नाही, एवढं मात्र फाइलमध्ये दिसतं. गाठीतल्या चरबीवर काय परिणाम झाला हे आम्ही मोजलेलं नाही. बायोप्सीत पीडी-एल१ (कॅन्सरची पेशी ज्याने पीडी-१चा ब्रेक दाबते ते प्रथिन) तपासतात तसं सीडी३६ किंवा चरबीचे थेंब तपासून उपचार ठरवण्याची पद्धत अजून नेहमीच्या व्यवहारात आलेली नाही. सीडी३६ला अडवणारी औषधं आणि मेदाम्लं बनवणारं एन्झाइम रोखणारी औषधं संशोधनाच्या टप्प्यावर आहेत. ती आली तर गाठीतल्या चरबीचा खरा इलाज तिथे असेल, आणि मला त्याची मनापासून वाट आहे.

वेगळं काय करता येईल

वजन घटल्यावर आहारतज्ज्ञाकडे पाठवणं उशिराचं ठरतं. इम्युनोथेरपीच्या पहिल्या डोसच्या दिवशीच 'घरात काय बंद केलंय?' हा प्रश्न विचारायला हवा. 'काय खाता?' असं विचारलं की लोक जे खायला हवं ते सांगतात. 'काय बंद केलंय?' विचारलं की खरं ते बाहेर येतं. आमच्या विभागात आता हा प्रश्न पहिल्या दिवसाच्या कागदावर छापलेला आहे.

सेलेकॉक्सिबच्या चिठ्ठीवर ती कशासाठी आहे ते मराठीत लिहिलेलं असतं तर गावाकडे ती बंद झाली नसती. 'ही वेदनेची गोळी म्हणून दिलेली नाही, उपचाराचा भाग आहे. बंद करण्यापूर्वी फोन करा' अशी ओळ आणि खाली विभागाचा नंबर. पँटोप्राझोल आणि स्टेरॉइडबद्दलही त्याच कागदावर एकेक ओळ.

टीएसएच दर सहा आठवड्यांनी ठरवून केलं असतं तर थकवा येण्याआधीच थायरॉइड सापडली असती आणि घरात तेलबंदीची दुसरी फेरी झाली नसती. ते आता वेळापत्रकात आहे.

नळीचा निर्णय मात्र अजूनही माझ्या मनात उलटसुलट फिरतो. पहिल्या तीन आठवड्यांत वजन ४८ वरच अडलं होतं. तेव्हा नळी टाकली असती तर पुढचे महिने आणखी ताकदीत गेले असते का? रुग्णाने नको म्हटलं होतं आणि त्याचं कारण खरं होतं. तशीच स्थिती पुन्हा आली तर मी नळीचा आग्रह धरण्याआधी, ज्यांनी ती थोड्या काळासाठी घेऊन काढली आहे अशा एखाद्या रुग्णाशी त्यांची गाठ घालून देईन, आणि मग निर्णय त्यांच्यावर सोडेन.

त्यांच्याच कुपीतला अर्धा डोस घेणाऱ्या जालन्याच्या रुग्णाची बायको काकूंकडून आंबीलीत तेल घुसळायला शिकली होती. त्यांचे डोस अजून चालू आहेत, आणि नव्याने आलेल्या एका रुग्णाची तारीख आता त्यांच्यासोबत लावली आहे.